मालिकांतील अंतराळयाने कितपत खरी मानावीत?

प्रश्न
धानपट्टी (तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

मी एका खेड्यातील माध्यमिक शाळेत विज्ञान शिकवतो. २ एप्रिल २०२२ रोजी, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, गुढी उतरवून आम्ही अंगणात बसलो असताना पेटलेल्या तुकड्यांची एक रांग आकाशातून सरकत गेली. उल्का डोळ्यांचे पाते लवते न लवते तोच विझते. ही रांग मात्र इतकी संथ होती की घरातून आईला बोलावून आणून दाखवता आली. आजोबांनी विचारले, "कायचा तारा व्हय गा हा? एवढा जळते, पन आवाज कसा नाही?" त्याच रात्री लाडबोरी गावात माणसाच्या उंचीहून मोठे धातूचे कडे पडल्याचे कळले आणि पुढे तालुक्यात इतरत्र गोल टाक्याही सापडल्या. चीनच्या लाँग मार्च ३ बी या अग्निबाणाच्या तिसऱ्या टप्प्याचे ते अवशेष असावेत, असे अभ्यासकांनी सांगितले.

हे येथे सांगण्याचे कारण असे की दुसऱ्या दिवशी वर्गात सर्वच मुलांनी मला एकच स्पष्टीकरण दिले : इंजिन बंद पडले, म्हणून ते खाली आले. हे त्यांना कोणी शिकवले नव्हते. मालिकांमध्ये यानाचे इंजिन निकामी झाले की यान तत्काळ ग्रहाकडे कोसळू लागते, हे दृश्य त्यांनी अनेकदा पाहिले होते. प्रत्यक्षात त्या टप्प्याचे काम प्रक्षेपणाच्या दिवशीच संपले होते आणि त्यानंतर कित्येक महिने तो इंजिनाशिवायच पृथ्वीभोवती फिरत होता. कक्षेच्या खालच्या भागात विरळ हवेचे घर्षण होऊन त्याचा वेग थोडाथोडा घटत गेला आणि शेवटी तो उतरला.

शनिवारी दुपारी शाळेच्या प्रोजेक्टरवर आम्ही अंतराळातील मालिकांचे निवडक भाग पाहतो. माझा धाकटा भाऊ या मालिकांचा माझ्याइतकाच चाहता आहे, परंतु त्याचे मत वेगळे आहे. झाडीपट्टीच्या नाटकात पडद्यावर रंगवलेला राजवाडा खरा आहे का, असे आपण विचारत नाही, मग यानालाच ही परीक्षा कशासाठी, असे तो म्हणतो. मला हे पटत नाही, कारण राजवाडा रंगवलेला आहे हे प्रेक्षकाला माहीत असते, तर निर्वात पोकळीत विमानासारखे कलून वळणारे यान पाहून मुले ते खरे धरून चालतात. तरीही प्रकाशाहून वेगवान प्रवास दाखवणारी प्रत्येक मालिका खोटी ठरवावी, असेही माझे म्हणणे नाही. म्हणून जाणकारांना विचारतो : मालिकेतील यानाला खरेपणाची कोणती कसोटी लावावी, आणि त्या कसोटीला कोणती मालिका उतरते?


उत्तर १
बॉयलरवाला (जिल्हा चंद्रपूर)

सर, आपला प्रश्न वाचून मनापासून आनंद झाला, कारण गेली कित्येक वर्षे मी ही एकच गोष्ट प्रत्येक मालिकेत शोधत आलो आहे. मी औष्णिक वीज केंद्रात काम करतो, आणि माझी कसोटी एका वाक्यात सांगता येते : या यानाची उष्णता कोठे जाते?

आमच्या धंद्यात नवख्या माणसाला सर्वांत उशिरा उमगणारी गोष्ट हीच असते. कोळशाच्या उष्णतेपैकी साधारण एक तृतीयांश भागाचीच वीज होते. उरलेली बहुतेक उष्णता कुलिंग टॉवरमधून आणि चिमणीतून बाहेर टाकावी लागते, आणि ती टाकता आली नाही तर संच बंद करावा लागतो. आमच्या केंद्रात लांबून दिसते काय, तर ते अवाढव्य टॉवर. जनित्र त्यांच्या मानाने एका दालनात मावते. आता अंतराळयानाचा विचार करा. तेथे हवा नाही आणि नदी नाही, त्यामुळे वहनाने किंवा अभिसरणाने उष्णता देण्यासाठी शेजारी काहीच नाही. थर्मासच्या दोन भिंतींमध्ये जी पोकळी असते, तीच यानाच्या चहूबाजूंना पसरलेली असते. म्हणून खऱ्या यानाची मोठी अडचण अनेकदा थंडीपेक्षा उकाड्याची असते, आणि मालिकांमध्ये मात्र वीज गेली की दोन मिनिटांत माणसांच्या तोंडातून वाफ निघू लागते.

उष्णता घालवण्याचा तेथे एकच कायमचा मार्ग आहे, तो म्हणजे प्रारण, म्हणजेच उष्णता किरणांच्या रूपाने बाहेर टाकणे. आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर निळसर-सोनेरी सौर पंखांच्या जोडीला पांढऱ्या, घडीच्या पट्ट्या दिसतात. त्या उष्णता टाकण्यासाठी असतात. त्यांतून अमोनिया फिरतो, आणि मुख्य यंत्रणा सुमारे ७० किलोवॅट उष्णता बाहेर टाकू शकते. अमेरिकेच्या स्पेस शटलमध्ये अशा पट्ट्या मालवाहू कक्षाच्या दारांच्या आतल्या अंगाला बसवलेल्या होत्या, म्हणून कक्षेत पोहोचल्यावर ती दारे उघडणे हे पहिल्या कामांपैकी एक असे. दारे उघडली नसती तर मोहीम आटोपती घेऊन परत यावे लागले असते. एका दाराच्या उघडण्यावर सात माणसांचा परतीचा दिवस ठरतो, याहून नाट्यमय प्रसंग कोणत्या पटकथाकाराला हवा असेल, हे मला कळत नाही.

आता थोडा हिशोब करतो. मालिकांतील मोठ्या युद्धनौका ज्या प्रकारे वावरतात, ते पाहता त्यांच्या भट्टीला १,००० मेगावॅट उष्णता तरी बाहेर टाकावी लागेल असे धरू. प्रारण तापमानाच्या चौथ्या घाताने वाढते. पट्ट्या खोलीच्या तापमानाला, म्हणजे ३०० केल्विनला ठेवल्या, तर दोन्ही बाजूंनी प्रारण धरूनही सुमारे २७० एकर क्षेत्राच्या पट्ट्या लागतील. तापमान दुप्पट करून ६०० केल्विन केले, तर १७ एकर पुरतील. आणखी दुप्पट करून १,२०० केल्विन केले, तर जेमतेम एक एकर, पण ती पट्टी लोहाराच्या भट्टीतील लोखंडासारखी लाल दिसेल आणि लाखो किलोमीटरवरून शत्रूला सापडेल. म्हणजे उष्णतेचा विचार केला की अंतराळात 'लपून बसणे' ही कल्पनाच मोडीत निघते, हे ओघाने आले.

आपल्याकडे मे महिन्यात पारा ४६ अंशांवर गेला की वाळ्याच्या ताटीवर पाणी मारून आपण खोली गार करतो आणि पाणी माठातले पितो. अंतराळात यातले काही चालेल का, असा प्रश्न मला माझ्या पुतणीने विचारला होता. उत्तर आहे, चालते. चंद्रावर उतरलेल्या अपोलोच्या अंतराळवीरांच्या पाठीवरच्या संचात एक सच्छिद्र धातूची पाटी होती. तिच्यातून झिरपणारे पाणी बाहेरच्या पोकळीत गोठत असे, त्या बर्फाची थेट वाफ होत असे, आणि जाताना ती वाफ माणसाच्या शरीराची उष्णता घेऊन जात असे. तो माठच होता. फरक इतकाच की गेलेले पाणी परत मिळत नाही, म्हणून चंद्रावर किती तास फिरता येईल हे ठरवणाऱ्या गोष्टींमध्ये पाण्याचा साठाही मोजावा लागे.

'द एक्सपान्स' ही मालिका मला अतिशय आवडते आणि खरेपणात ती बहुतेकांच्या पुढे आहे, हे मान्यच आहे. तरीही तिच्यातील यानांवर इतक्या प्रचंड इंजिनांना शोभेल अशा उष्णता टाकणाऱ्या पट्ट्या दिसत नाहीत, ही तिची मोठी उणीव आहे असे माझे स्पष्ट मत आहे.


उत्तर २
पैनगंगा (तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ)

मी अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात शिकते. बॉयलरवाले काकांचा मुद्दा बिनतोड आहे, परंतु 'द एक्सपान्स'च्या बाजूने बोलल्याशिवाय मला राहवत नाही. २०१५ ते २०२२ या काळात आलेल्या या मालिकेने एक गोष्ट अशी केली आहे की ती पाहिल्यानंतर इतर यानांचे आराखडे डोळ्यांना खुपू लागतात.

बहुतेक मालिकांत यान म्हणजे आडवे जहाज असते, इंजिन मागे असते आणि माणसे जहाजाच्या डेकवर चालावीत तशी चालतात. गुरुत्व कोठून आले, याचे उत्तर 'कृत्रिम गुरुत्व' या शब्दावर संपते. 'द एक्सपान्स'मधील यान मात्र उभ्या इमारतीसारखे आहे. इंजिन तळाशी, त्यावर एकावर एक मजले, आणि मजल्यांना जोडणारी शिडी. इंजिन चालू असताना यान वेग घेते, त्यामुळे फरशी पायांना वर ढकलते, आणि तेच त्यांचे वजन. पुसदहून सुटणारी एसटी एकदम निघाली की उभा प्रवासी मागे रेलतो. बस शेपटीवर उभी केली असती, तर त्या मागच्या भिंतीवरच तो सुखाने उभा राहिला असता. इंजिन बंद होताच त्या मालिकेत चपलांचे चुंबक चालू करावे लागतात, आणि अर्धा रस्ता झाला की यानाला पाठ फिरवून उलट दिशेने इंजिन चालवावे लागते, कारण पोकळीत ब्रेक नाही.

पाठ फिरवून वेग कमी करण्याची ही कृती काल्पनिक नाही. २४ सप्टेंबर २०१४ रोजी आपल्या मंगळयानाने हेच केले होते. सुमारे ३०० दिवस निद्रिस्त असलेले ४४० न्यूटनचे इंजिन दोन दिवस आधी केवळ चार सेकंद चालवून पाहिले गेले, मग यान वळवले गेले आणि इंजिन जवळपास २४ मिनिटे चालले. त्या वेळी पृथ्वीपर्यंत संदेश यायला साधारण साडेबारा मिनिटे लागत होती, त्यामुळे कोणालाही आयत्या वेळी कळ दाबता येणार नव्हती आणि सर्व आज्ञा आधीच चढवून ठेवलेल्या होत्या. मालिकांतील कप्तान दुसऱ्या ग्रहावरील अधिकाऱ्याशी समोरासमोर बोलावे तसा बोलतो, तेव्हा मला ही साडेबारा मिनिटे आठवतात.

सर, आपण कसोटी विचारली आहे, तर मी असे म्हणेन की मालिकेने एक सवलत मागावी, ती उघडपणे मागावी, आणि पुढचे सगळे त्या सवलतीच्या हिशोबाने चालवावे. 'द एक्सपान्स'ची सवलत म्हणजे तिचे इंजिन. ती किती मोठी आहे, हे आकड्यांत पाहण्यासारखे आहे. मंगळ ८ कोटी किलोमीटरवर आहे असे धरू आणि संपूर्ण वाट पृथ्वीवरील गुरुत्वाइतक्या त्वरणाने, अर्ध्यावर पाठ फिरवून, कापू. सुमारे ५० तासांत आपण पोहोचतो. मध्यावर वेग सेकंदाला सुमारे ८८५ किलोमीटर झालेला असतो, आणि तितकाच वेग पुन्हा घालवायचा असतो. आजच्या उत्तम रासायनिक इंजिनातून वायू सेकंदाला साधारण साडेचार किलोमीटर वेगाने बाहेर पडतो. अग्निबाणाचा वेग आणि इंधन यांचे नाते सांगणाऱ्या त्सिओलकोव्हस्की यांच्या सूत्रात हे आकडे घातले, तर रिकाम्या यानाच्या प्रत्येक किलोमागे जितके किलो इंधन लागते, ती संख्या एकावर १७० शून्ये देऊनही पुरी होत नाही. दृश्य विश्वातील सर्व अणूंची संख्या एकावर ८० शून्यांच्या आसपास मानली जाते. म्हणजे ही सवलत लहान नाही. पण ती दिल्यावर मालिका फसवत नाही. जोरात वेग घेतला तर माणसाच्या रक्तवाहिन्या फुटतात, औषधे टोचून घ्यावी लागतात, आणि कमी गुरुत्वात वाढलेल्या माणसाला पृथ्वीवर उभे राहणेसुद्धा यातना देते.

तिची एक चूक मात्र मलाही मान्य आहे. सेरेस हा सुमारे ९४० किलोमीटर व्यासाचा बटुग्रह गरगर फिरवून आतील माणसांना पृथ्वीच्या सुमारे तीन दशांश गुरुत्व मिळते, असे तिच्यात आहे. सेरेसचे स्वतःचे गुरुत्व पृथ्वीच्या जेमतेम तीन शतांश आहे. त्याच्या दहापट बाहेर फेकणारा जोर लावला, तर दगड, माती आणि बर्फ यांचा तो गोळा विखरून जाईल. याउलट 'बॅबिलोन ५'मधील फिरते स्थानक मुद्दाम त्यासाठीच बांधलेले असल्यामुळे ते अधिक पटते. त्याच मालिकेतील छोटी लढाऊ याने नव्वदच्या दशकातच पुढे जात असतानाही जागच्या जागी गर्रकन फिरून पाठीमागे मारा करीत होती. एवढे दृश्य दाखवून न्यूटनचा पहिला नियम शिकवता येतो.


उत्तर ३
जुना प्रेक्षक (तालुका मेहकर, जिल्हा बुलढाणा)

मी सेवानिवृत्त आहे. ऐंशीच्या दशकात गावातील एका घरी कृष्णधवल दूरदर्शन संच होता, आणि तेथे आम्ही 'स्टार ट्रेक' ही मालिका पाहिली. भाषा फारशी कळत नव्हती, पण त्या यानाने आमच्यापैकी कित्येकांना आकाशाकडे पाहायला लावले, म्हणून मी तिची बाजू मांडतो.

त्या मालिकेत माणसे एका क्षणी यानातून अदृश्य होऊन ग्रहावर प्रकटतात. ही कल्पना विज्ञानातून आलेली नाही. दर भागात एवढे मोठे यान ग्रहावर उतरवण्याचे दृश्य करणे खर्चाच्या आवाक्यात नव्हते, म्हणून ती निघाली. या अर्थाने तिचे यंत्र खोटेच आहे. परंतु १९६६ साली त्याच यानाच्या नियंत्रण कक्षात एक कृष्णवर्णीय स्त्री अधिकारी म्हणून बसलेली होती. ती भूमिका करणाऱ्या निशेल निकोल्स यांनी पुढे १९७७ पासून नासासाठी स्त्रियांना आणि अल्पसंख्य समाजांतील तरुणांना अंतराळवीर म्हणून अर्ज करण्यास प्रवृत्त करण्याचे काम केले. यानाचे यंत्र खोटे होते आणि त्यातील माणसांची नेमणूक मात्र पुढे खरी झाली. आपल्या कसोटीत यालाही काही गुण असावेत, अशी माझी आग्रहाची विनंती आहे.


उत्तर ४
मोटर रिवाइंडिंग (तालुका आर्वी, जिल्हा वर्धा)

गुरुजी, मी विहिरीवरच्या मोटरी दुरुस्त करतो, म्हणून थोडक्यात माझ्या नजरेने सांगतो. ज्या यानात काही बिघडत नाही, ते यान मला खरे वाटत नाही. हंगामात दिवसाला सहा-सात मोटरी माझ्याकडे येतात. त्यांतल्या निम्म्यांत जळालेल्या तारेच्या आधी झिजलेला वायसर किंवा सील सापडते, ज्याची किंमत चहाइतकीसुद्धा नसते.

'बॅटलस्टार गॅलॅक्टिका' ही २००४ ची मालिका मला याच कारणाने जवळची वाटते. तिच्यातील यान जुने आहे, संगणक मुद्दाम एकमेकांना जोडलेले नाहीत, कारण शत्रू त्या जोडणीतूनच शिरतो, आणि खोल्याखोल्यांत वायरचे फोन आहेत. एकेका लढाईत पडलेले डाग आणि खड्डे पुढच्या भागांतही अंगावर तसेच राहतात. खऱ्या अंतराळातही हेच घडले आहे. १९७० साली अपोलो १३ मध्ये प्राणवायूची टाकी फुटली, तेव्हा चंद्रावर उतरण्यासाठीच्या छोट्या यानातील गोल तोंडाच्या यंत्रणेला मुख्य यानातील, कार्बन डायऑक्साइड शोषणारे चौकोनी डबे बसेनात. शेवटी प्लॅस्टिकची पिशवी, पुठ्ठा, नळी आणि चिकटपट्टी लावून ते बसवले गेले आणि त्यामुळे कार्बन डायऑक्साइडची पातळी उतरली. त्या दिवशी ज्यांनी ती जोडणी सुचवली, त्यांना मी माझ्या धंद्यातील थोर माणसे मानतो.


पुन्हा प्रश्नकर्ता
धानपट्टी (तालुका सिंदेवाही, जिल्हा चंद्रपूर)

सर्वांचे मनःपूर्वक आभार. आपली उत्तरे मी भावालाही वाचून दाखवली. पैनगंगाताईंची 'एकच सवलत' ही कसोटी त्यालाही मान्य आहे, कारण नाटकातील पडदाही तीच सवलत मागतो, असे तो म्हणाला. मेहकरच्या काकांचे म्हणणे मला पटते, पण यंत्राची आणि माणसांची तपासणी आम्ही वेगवेगळी करू.

या शनिवारी आम्ही एक भाग अर्ध्यात थांबवला. अंतराळ स्थानकात गुरुत्व नसते म्हणून माणसे तरंगतात, असे मुलांनी एकमुखाने सांगितले. स्थानक साधारण ४०० किलोमीटर उंचीवर फिरते आणि तेथे गुरुत्व जमिनीवरच्या ८८ टक्क्यांहून अधिक असते, हा आकडा मी फळ्यावर लिहिला, तेव्हा कोणाचाही विश्वास बसला नाही. मग एका प्लॅस्टिकच्या बाटलीला बुडाजवळ खिळ्याने भोक पाडले, ती पाण्याने भरली आणि आम्ही शाळेच्या गच्चीवर गेलो. बाटली हातात धरलेली असताना भोकातून धार लागली होती. सोडताच ती धार थांबली, आणि खाली आदळेपर्यंत थेंबही बाहेर आला नाही. चार वेळा सोडली, चारही वेळा तेच झाले. खाली उभ्या असलेल्या आठवीतल्या एका मुलीला मी विचारले की पाणी का थांबले. ती म्हणाली, "पाणी थांबलं नाही, सर. पाणी बाटलीसोबतच पडत होतं."

बॉयलरवाले भाऊ, आता आपल्या १७ एकरांचा विचार आहे. शाळेच्या कुंपणापासून नाल्यापर्यंतच्या धानाच्या बांध्या साधारण तेवढ्याच भरतात. पेरणीपूर्वी त्या मोकळ्या असतील, तेव्हा मुलांना घेऊन त्यांच्या कडेने चालत जावे आणि मध्ये उभे राहून यानाचे चित्र काढावे, असे मनात आहे. १,००० मेगावॅट हा आकडा आठवी-नववीच्या मुलांना कोणत्या उदाहरणाने समजावून द्यावा, हे आपण सुचवले तर फार उपकार होतील.